मागच्या दाराचा पेशंट

आवडाबाईनं उभं कुठे राहायचं हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. पुलाखालच्या दवाखान्यात मुख्य दारातून आत आलं की डाव्या हाताला जिना, उजव्या हाताला केसपेपरच्या दोन खिडक्या, त्यातली एक कायमची बंद, आणि मधोमध हातात ओलं फडकं घेतलेली आवडाबाई. फरशी पुसायची असो नसो, सकाळी नऊ ते बारा ती तिथंच. कारण येणारा प्रत्येक माणूस दारातून आत पाऊल टाकून थबकायचा, आणि थबकलेला माणूस तिला बघवायचा नाही.

"मावशी, हाडाचे डॉक्टर कुठे?"

"केसपेपर काढलास?"

"नाही."

"मग आधी तो काढ. खिडकी दोन. बारा वाजता बंद होते, मागनं रडू नकोस."

"मावशी, माझ्या बायकोला चक्कर येतेय हो, उभं राहवत नाही तिला…"

"तिला बाकड्यावर बसव, तू लायनीत उभा राहा. फोटो काढायच्या टायमाला तिला उठव. आता फोटो काढतात, स्वतः पेशंट लागतो. आणि केसपेपर नाय तर तू नाय, ती नाय, कोणी नाय. समजला?"

दवाखान्याच्या पाटीवर कुणा दिवंगत पुढाऱ्याचं लांबलचक नाव होतं. ते कुणी घेत नसे. कल्याण आणि ठाकुर्लीच्या मधल्या त्या पट्ट्यात रिक्षावाल्याला 'पुलाखाली' म्हटलं की पुरे. पालिकेचा दवाखाना. शंभर खाटा, त्यावर दीडशे माणसं. इथं यायचे ते ज्यांना दुसरीकडे कुणी बसा म्हणत नाही ते. घरकामवाल्या बाया, नाक्यावरचे मजूर, उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात निळे हात घेऊन जगणारी परप्रांती पोरं, विठ्ठलवाडीच्या मागच्या झोपडपट्टीतल्या बाळंतिणी. रस्त्यापलीकडे काचेचं मोठं हॉस्पिटल होतं. तिथला वॉचमन माणसाच्या चपला बघूनच हात पुलाकडे करायचा. तिकडनं इकडे माणसं यायची. इकडनं तिकडे कधी कुणी गेलेलं आवडाबाईनं एकोणीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

एकोणीस वर्षं. त्याआधी ती डोक्यावर मासळीची टोपली घेऊन बाजारात जायची. नवरा गेला, गुडघे गेले, आणि कुणाच्या तरी ओळखीनं ती इथं आया म्हणून लागली. लागली म्हणजे पालिकेत नव्हे. ठेकेदाराकडे. या एकोणीस वर्षांत ठेकेदार पाच झाले, साडीचा रंग तीनदा बदलला, गळ्यातलं ओळखपत्र दर वेळी नवं आलं. आवडाबाई तीच. पण खाडीपाड्यात, म्हणजे तिच्या कोळीवाड्यात, हे बारकावे कुणाला ठाऊक नव्हते. तिथं एवढंच माहीत होतं की आवडा 'हॉस्पिटलात हाय.'

आणि हे हॉस्पिटलात असणं पाड्याला उपयोगी पडायचं ते मागच्या दारानं.

मागचं दार कपडे धुवायच्या खोलीशेजारी होतं. दवाखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकाचा 'आपला माणूस' त्या दारानं यायचा. वॉचमनचा मेव्हणा, सिस्टरची शेजारीण, क्लार्कचे सासरे. ओपीडी संपत आली की डॉक्टरांच्या टेबलाशेजारी जाऊन नुसतं म्हणायचं, "मॅडम, आपला माणूस आहे." डॉक्टर मान वर न करता म्हणणार, "बसवा." केसपेपर नाही, लाईन नाही, नंबर नाही. गोळ्या सिस्टरच्या कपाटातनं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. पगार वेळेवर नाही, सुट्टी नाही, आजारी पडलं तर विमा नाही. निदान एवढा तरी मान असावा, असं सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. आवडाबाई समोरच्या दारात जगाला लायनीत उभं करायची आणि मागच्या दारानं पाड्याला आत घ्यायची, आणि या दोन गोष्टी एकमेकींना भेटतात असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

त्या सोमवारी मागच्या दारात तिचा थोरला भाऊ नाथा उभा होता. एक पाय जमिनीला नुसता टेकवून.

"काय झाला रं दादूस?"

"शिंगाळी लागली."

"कवा?"

"शनवारी. निवट्या काढत होतो चिखलात. पाय टाकला नि थेट काट्यावर."

नाथा साठीचा. अंगानं अजून लाकडासारखा, फक्त गेल्या वर्षभरात गाल बसले होते. सारखी तहान लागते, रात्री चार-चारदा उठावं लागतं, असं त्याची बायको चांगुणा म्हणायची. त्यावर नाथा म्हणायचा, वय झालं, पानी पितो, दारू तर नाय पित. शिंगाळी माशाचा विषारी काटा त्याला काही पहिल्यांदा लागला नव्हता. चुना आणि हळद लावायची, गरम पाण्यात पाय बुडवायचा, दोन दिवस कण्हायचं, तिसऱ्या दिवशी परत चिखलात निवट्या मासे धरायला. या वेळी दुसऱ्याच दिवशी पाय घोट्यापर्यंत सुजला होता. वरचा चुना वाळून तडकला होता आणि त्याखालनं पिवळं पाणी येत होतं.

"आणि मना आज सांगतंस?"

"आलू ना! तू हायस तर आलू. नायतर कोण येतो तुज्या या मच्छी मार्केटात?"

"मच्छी मार्केट बरा. तिथं बर्फ तरी असतो."

दोघं हसली. ती त्याला खांद्याला धरून आत घेऊन गेली.

ओपीडीत डॉक्टर संचिता होती. शिक्षणानंतरच्या सरकारी बाँडवर वर्षभरासाठी आलेली, सत्तावीस वर्षांची, दुपारचा डबा संध्याकाळी खाणारी. तिनं जखम धुवायला लावली, चिमटीनं काट्याचा तुकडा काढला, इंजेक्शन दिलं, सिस्टरला सांगून गोळ्या दिल्या. मग नाथाच्या गालांकडे पाहून तिनं विचारलं,

"काका, शुगर आहे का?"

"चहात? दोन चमचे."

"तसं नाही हो. डायबेटिस. कधी तपासलंय?"

"मी आजारीच नाय पडत, तपासू काय?"

"मावशी, यांची शुगर बघायलाच हवी. इथल्या पट्ट्या संपल्यात. लॅबमध्ये रक्त द्या आत्ताच. आणि उद्या परत दाखवा."

"देते मॅडम," आवडाबाई म्हणाली.

लॅबमध्ये तानाजी होता. एरवी आवडाबाईला चहा पाजणारा. त्यानं नाथाच्या दंडाला पट्टासुद्धा बांधला, मग हात पुढे केला.

"नंबर?"

"कसला नंबर? आपला माणूस आहे तानाजी. सख्खा भाऊ."

"आवडाबाई, भाऊ असू दे नाहीतर देव असू दे. गेल्या महिन्यापासून स्टिकर लागतो बाटलीला. स्टिकर निघतो केसपेपरच्या नंबरावर. नंबर नसेल तर मशीन रक्त घेतच नाही."

"तू हातानं कर ना आधीसारखं."

"हातानं काय करू, चाखून सांगू? जा, पेपर काढून आण. पाच मिनिटांत करतो."

आवडाबाई समोर आली. खिडकी दोनसमोर माणसं पार दारापर्यंत गेलेली. साडेअकरा वाजलेले. नाथानं ती लाईन पाहिली.

"मी हितं उभा ऱ्हाऊ?"

"फोटो काढतात रे. तुलाच लागतंय."

"आवडे, पाड्यात सगल्यांना सांगून आलू, बहीन हाय माजी हॉस्पिटलात. तुज्या राज्यात मी लायनीत उभा ऱ्हाऊ? या पायावर?" तो मोठ्यानं म्हणाला. लायनीतली दोन-चार माणसं वळून बघायला लागली. त्यातल्या एका बाईला आवडाबाईनं दहाच मिनिटांपूर्वी 'मधे घुसू नकोस' म्हणून दटावलं होतं.

आवडाबाई त्या क्षणी भावाला म्हणू शकली असती, हो, उभा राहा. ती रोज दोनशे माणसांना म्हणत होती. कडेवर पोर घेतलेल्या बाईला म्हणत होती, हात मोडलेल्या म्हाताऱ्याला म्हणत होती. पण भाऊ तिच्याकडे असा बघत होता, जणू या इमारतीत खरंच तिचं राज्य असावं. तसं तिच्याकडे दुसरं कुणी बघत नव्हतं.

"उद्या काढू," ती म्हणाली. "उद्या मी सात वाजताच नंबर लावून ठेवते. आज घरी जा, पाय वर ठेव."

मंगळवारी पाच माणसं कामावर आली नव्हती. सातला नंबर लावायच्या ऐवजी आवडाबाई बाळंतिणींच्या वॉर्डात बादल्या वाहत होती. नाथा दहाला आला, रिक्षानं. ती धावत मागच्या दाराशी गेली. सिस्टरनं ड्रेसिंग बदललं. पोटरीपर्यंत सूज होती, पण नाथा म्हणाला, दुखणं कमी आहे. खरं तर दुखणं कमी होणं हेच वाईट होतं; पाय बधिर होत चालला होता. पण ते सांगायला डॉक्टर संचिता तिथं नव्हती; तिला त्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यात पाठवलं होतं.

"रक्त द्याचा ना आज?" नाथानंच विचारलं.

"उद्या. उद्या नक्की."

बुधवारी नाथा आला नाही. फोनवर चांगुणा म्हणाली, "ताप हाय जरा. निजलाय. गोल्या देताव ना तुज्या, लांबट सफेद. बरा होतंय. तू हायस म्हनून धीर हाय गो आवडे, नायतर आमचा कोन?"

गुरुवारी त्याला त्याची मुलगी दक्षता घेऊन आली. दक्षता ठाण्याला एका कपड्यांच्या दुकानात हिशेबाला होती. रजा टाकून आली होती. आत्याच्या सांगण्यावरून तिनं रिक्षा मागच्या दाराला लावली. नाथाला दोघींनी मिळून उतरवलं तेव्हा तो बहिणीला म्हणाला,

"आवडे, होडी बांधलीस का?"

"कसली होडी?"

"भरती येतंय. बांधून ठेव."

आवडाबाईनं ड्रेसिंगची कड उचलली. बोटं काळी पडली होती. वास आला. एकोणीस वर्षं ती या वासाच्या बादल्या उचलत आली होती. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती. तिनं कपड्यांच्या खोलीतल्या बाकड्यावर त्याला आडवं केलं आणि धावत ओपीडीत गेली.

"मॅडम, चला. आत्ता चला."

डॉक्टर संचिता आली, पाहिलं, आणि तिचा चेहराच पडला.

"हे अ‍ॅडमिट का नाहीयेत? सोमवारी रक्त सांगितलं होतं मी. रिपोर्ट कुठेय?"

आवडाबाईनं ड्रेसिंगची कड परत बसवली.

"मावशी, रिपोर्ट?"

"नाय दिला रक्त."

"का?"

"पेपर नव्हता."

"पेपर नव्हता? तीन दिवस?" डॉक्टरचा आवाज चढला आणि तसाच खाली आला, कारण पेपर नसताना बघितलं होतं तिनंच. "कॅज्युअल्टीत घ्या. चला, उचला!"

कॅज्युअल्टी तिथून तीस पावलांवर. तिथं नवा पेपर झाला. नाव नाथा, वय साठ, वेळ अकरा चाळीस. तिथं पट्ट्या होत्या. बोटाला सुई टोचली, पट्टी मशीनला लावली. आकडा आलाच नाही. साखर मशीनच्या मापापलीकडे गेली होती. पट्ट्या संपल्याचं दक्षतानं बापाकडून ऐकलं होतं. तिनं विचारलं, "या पट्ट्या इथं होत्या?" कॅज्युअल्टीच्या पट्ट्या कॅज्युअल्टीच्या पेशंटसाठी असतात. चालत आलेला माणूस कॅज्युअल्टीचा नसतो. हा नियम आवडाबाईनं स्वतः हजारदा लोकांना ऐकवला होता.

"इथं आयसीयू नाही, सर्जन आज नाही," डॉक्टर म्हणाली. "ठाण्याला न्यावं लागेल. पाय… बघतील ते. मी रेफर लिहिते."

ती लिहायला बसली. पेन थांबलं.

"लिहा ना मॅडम," आवडाबाई म्हणाली. "सोमवारी काटा काढला, इंजेक्शन दिलं, ते सगळं लिहा. तिकडे विचारतील."

"काय लिहू मी?" डॉक्टर हळू आवाजात म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण पेन हललं नाही. "मावशी, मी यांना सोमवारी बघितलंच नाहीये. कागदावर हे आज आलेत. मी जर लिहिलं की तीन दिवस बिनपेपर, बिनतपासणीची ट्रीटमेंट दिली, तर माझं… तुमचंसुद्धा…"

"माजा काय जातंय?"

"तुम्हाला काढतील."

आवडाबाईनं 'काढू दे' म्हणायला हवं होतं. ते तिला नंतर, पुढे कितीतरी दिवस, स्पष्ट ऐकू यायचं. काढू दे. दोन शब्द. पण त्या वेळी तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, "लवकर करा मॅडम."

चिठ्ठीवर लिहिलं गेलं: काटा लागून पाच दिवस. आधी कुठेही उपचार नाहीत.

अँब्युलन्स तासाभरानं आली. कल्याण ते ठाणे अंतर ते किती, पण पत्रीपुलापासूनच गाड्या एकमेकींना चिकटलेल्या. नाथा मध्येच डोळे उघडायचा. एकदा म्हणाला, "तहान." एकदा म्हणाला, "लाईन किती हाय?" दक्षतानं आत्याकडे पाहिलं. आत्या बाहेर बघत होती.

ठाण्याचं हॉस्पिटल मोठं. मोठं म्हणजे लाईनही मोठी. तिथं खाट नव्हती, स्ट्रेचर होतं. भिंतीला लावलेल्या बारा स्ट्रेचरांतलं नववं. तरण्या डॉक्टरांची टोळी आली, भराभर बघितलं.

"आधी कोणती अँटिबायोटिक दिली?"

"चिठ्ठीवर लिहिलंय, काही नाही," दुसरा म्हणाला.

"दिली हो!" आवडाबाई पुढे झाली. "दिली. लांब सफेद गोळी. दिवसातनं दोनदा. आणि सोमवारी इंजेक्शन."

"नाव?"

"नाव… सिस्टरच्या कपाटातली."

"कुठल्या सिस्टरच्या? तुम्ही कोण?"

आवडाबाईच्या गळ्यात ओळखपत्र होतं. तिनं ते उचलून दाखवलं. "मी स्टाफ आहे."

डॉक्टरनं ते उलटसुलट पाहिलं. त्यावर ठेकेदाराच्या कंपनीचं नाव होतं आणि खाली बारीक अक्षरात, सफाई व सहायक.

"मावशी, तुम्ही बाहेर थांबा. नातेवाईक एकच."

ती बाहेर थांबली. तिनं दवाखान्याच्या सिस्टरला फोन लावला, गोळीचं नाव विचारायला. सिस्टर म्हणाली, "मला कुठं आठवतंय गं? कपाटात चार तऱ्हेच्या आहेत. आणि हे बघ, माझं नाव घेऊ नकोस तिकडे." मग तिनं चांगुणाला फोन लावला. चांगुणानं रिकामं पाकीट शोधलं, चुलीपाशी, मोरीत, अंगणात. गोळ्या कागदाच्या पुडीत दिल्या होत्या. पुडीवर काही लिहिलेलं नव्हतं.

पाय गुडघ्यावर कापायचा असं संध्याकाळी ठरलं. पण साखर उतरल्याशिवाय आणि रक्तदाब चढल्याशिवाय भूल देता येणार नव्हती. दक्षतानं सही केली. शुक्रवारी सकाळी आठला त्याला ऑपरेशनसाठी पहिला नंबर मिळाला होता. साडेसातला वॉर्डबॉय न्यायला आला तेव्हा नाथा गेला होता.

आवडाबाईला कुणी सांगितलं नाही. वॉर्डबॉयनं स्ट्रेचर ज्या दिशेला वळवलं, त्यावरून तिला कळलं.

खाडीपाड्यात दहा दिवस माणसं येत-जात होती. पडवीत चांगुणा बसलेली, तिच्या शेजारी आवडाबाई. येणारी प्रत्येक बाई आधी चांगुणाच्या गळ्यात पडायची आणि मग आवडाबाईचा हात धरायची.

"तू लय केलास गो. भैनीनं करावा तसा केलास."

"आवडा होती म्हनून डागदराच्या टेबलापतुर गेला. आपल्याला कोन इचारतंय?"

"पार ठान्यापतुर नेला. नशिबात नव्हता, तू काय करशील?"

आवडाबाईला वाटायचं, आता सांगावं. एक शब्द काढला की सगळं येईल बाहेर. पण कुणाला काय सांगायचं? की टेबलापर्यंत नेलं हाच घोटाळा झाला? की खिडकीसमोर उभा राहिला असता तर जगला असता? हे ऐकून पाडा हसला असता. लायनीत उभा राहून कधी कोण जगलंय?

अकराव्या दिवशी दक्षता मागच्या पडवीत भांडी घासत होती. आवडाबाई राख घेऊन शेजारी बसली.

"आत्या, एक विचारू?"

"विचार."

"सोमवारी रक्त तपासलं असतं तर?"

आवडाबाईनं पातेलं खाली ठेवलं.

"साखर कळली असती. इथंच अ‍ॅडमिट केला असता. बोटं गेली असती. एखादे वेळी पंजा."

"बाबा?"

"राहिला असता."

दक्षता बराच वेळ घासलेलंच ताट घासत राहिली. मग म्हणाली, "मी त्या दिवशी ठाण्याला होते. दुकानात बसून पन्नास वेळा मला वाटलं, येऊन जावं. पण म्हटलं, आत्या आहे." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "आम्ही सगळे निवांत होतो गं, तू आहेस म्हणून."

"मी सांगते तुज्या आयशीला. आज सांगते."

"नको."

"का?"

"तिला एवढंच राहिलंय. की आपलं कुणीतरी तिथं होतं. ते पण काढून घेऊ नकोस."

तेरावा झाला आणि आवडाबाई कामावर गेली. डॉक्टर संचिताची बदली झाली होती की ती रजेवर होती, कुणाला नीट ठाऊक नव्हतं. तानाजीनं चहा दिला.

महिन्याभरानं मागच्या दारातून हाक आली. पाड्यातला महिपत. सोबत त्याची बायको, उजवा हात फडक्यात गुंडाळलेला.

"आवडे, चिंबोरीनं डेंगा मारला हिला, नांगी रुतली पार. हात बग कसा झाला. जरा डागदरला…"

"इथनं नाय," आवडाबाई म्हणाली. "पुढनं या."

"पुढनं? काय येड लागला काय? लाईन हाय तिथं."

"लायनीत उभं राहायचं. पेपर काढायचा. रक्त तपासायचं."

"नाथाला नेलास त्या दारानं! आमाला बंद झाला?"

"नाथाला नेला म्हनून तर बोलते!"

महिपत बायकोकडे वळून म्हणाला, "बगलास? भाऊ गेला नि मान ताठ झाली."

ती दोघांना पुढच्या दारानं घेऊन गेली. आधी कॅज्युअल्टीत विचारलं. तिथला म्हणाला, चालत आली ना, मग ओपीडी. ती तिघं खिडकी दोनसमोर उभी राहिली. आवडाबाई स्वतः त्या बाईच्या मागे उभी राहिली, हातातलं फडकं खांद्यावर टाकून. सुपरवायझर दोनदा ओरडून गेला, वरच्या मजल्यावर कोण पुसणार म्हणून. ती हलली नाही. सव्वाअकराला खिडकीतला म्हणाला, सर्व्हर गेला. बारा वाजायला दहा मिनिटं असताना सर्व्हर आला. बारा वाजता खिडकी बंद झाली तेव्हा पुढे अकरा माणसं होती.

आवडाबाईनं काचेवर हात मारला. "अरे, एक घे! एकच घे. हिचा हात बघ!"

आतल्यानं बोटानं घड्याळ दाखवलं. तो माणूस वाईट नव्हता. सकाळपासून त्यानं दीडशे पेपर काढले होते आणि शेजारच्या बंद खिडकीची माणसं तीन वर्षांत भरली गेली नव्हती.

"झाला?" महिपत म्हणाला. "झाली तुजी लाईन? चल गो, पाड्याच्या डागदराकडं जाव. सुई मारतंय, घरी पाठवतंय."

"तो डॉक्टर नाय महिपत! तो मेडिकलवाला होता आधी!"

"होता तर होता. बसा तरी बोलतंय."

"उद्या ये," आवडाबाईनं बाईचं मनगट धरलं. "सातला ये. सहाला ये. मी इथंच निजते, नंबर लावून ठेवते. ऐक माजा. उद्या…"

'उद्या' म्हणताना तिची जीभ अडखळली. बाईचं मनगट तापलेलं होतं; फडक्याच्या वर, कोपराच्या दिशेनं विष पसरल्याची एक लाल रेघ चढत गेलेली दिसत होती. बाईनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बंद खिडकीकडे, आणि दुसऱ्या हातानं आवडाबाईची बोटं एकेक करून सोडवून घेतली. बाहेर महिपतनं रिक्षा थांबवली होती.